ब्रिटिश लीगचा पहिला हंगाम (१९६५) : एक पुनर्विचार

ब्रिटनमधील स्पीडवे शर्यतींच्या इतिहासलेखनात १९६५ चा हंगाम बहुधा वेस्ट हॅम संघाच्या दिग्विजयाची कथा म्हणून सांगितला जातो. हे वर्णन खोटे नाही. लीगचे अजिंक्यपद, नॉकआउट चषक आणि लंडन चषक हे तिन्ही मान त्या एकाच वर्षी ह्या संघाने मिळविले, आणि केन मॅकिन्ले व नॉर्वेचा स्व्हेरे हार्फेल्ट ह्या स्वारांना त्याचे श्रेय द्यावेच लागते. तथापि ह्या कथेने हंगामाचा मूळ प्रश्न झाकोळून टाकला आहे. दुय्यम म्हणून हिणविले गेलेले संघ थोरांच्या पंक्तीला बसू शकतात काय, हा तो प्रश्न होय.

त्याला पूर्वेतिहास होता. १९६० मध्ये स्थापन झालेल्या प्रॉव्हिन्शियल लीगमधून वुल्व्हरहॅम्प्टनने वरच्या नॅशनल लीगमध्ये यावे, असा नियामक मंडळाचा आग्रह होता. तो झुगारून ह्या लीगने १९६४ चा हंगाम परवान्यावाचून चालविला. परिणामी तिच्या स्वारांना जागतिक अजिंक्यपदाचे दार बंद झाले. वरची लीग तरी कोठे सुस्थितीत होती? तिच्यात अवघे सात संघ उरले होते, आणि त्यांतील नॉर्विच त्या हंगामाअखेर बंदच पडला. लॉर्ड शॉक्रॉस यांच्या चौकशीनंतर दोन्ही लीग विलीन होऊन १८ संघांची ब्रिटिश लीग उभी राहिली. ह्या विलीनीकरणास औदार्य म्हणण्याची प्रथा आहे. ती गरज होती, असे म्हणणे अधिक न्याय्य ठरेल.

ही सोयरीक टिकली कशी, ह्याचे उत्तर नामवंतांच्या पराक्रमात नव्हे, तर गुणपद्धतीत शोधावे लागते. ब्रेक नसलेल्या, एकाच गिअरच्या चार मोटारसायकली लंबवर्तुळाकार मार्गाचे चार फेरे घेतात. त्यांपैकी दोन एका संघाच्या, दोन दुसऱ्याच्या. पहिल्यास तीन, दुसऱ्यास दोन, तिसऱ्यास एक आणि चौथ्यास शून्य, असे गुण मिळतात. त्या काळच्या सामन्यात अशा १३ शर्यती, म्हणजे एकूण ७८ गुण असत. विजयास निदान ४० लागत. श्रेष्ठ स्वार सामान्यतः चार शर्यतींत उतरे. त्या साऱ्या जिंकल्या तरी त्याची कमाई १२ गुणांची. उरलेले २८ कोणी मिळवावयाचे? येथेच तिसऱ्या क्रमांकाच्या त्या एका गुणाचे मोल कळते. आघाडीचा स्वार पहिला आला आणि त्याचा जोडीदार शेवटी राहिला, तर शर्यत ३–३ अशी बरोबरीत सुटते. तोच जोडीदार तिसरा आला, की निकाल ४–२ होतो. वृत्तान्तांत ज्याचे नाव क्वचितच येते अशा ह्या जोडीदारावर सामन्याचा निकाल हेलकावे खात असे. बॅरी ब्रिग्जने १९६५ मध्ये बेल व्ह्यू येथे लीगमधील स्वारांची वैयक्तिक स्पर्धा जिंकली. पण त्याच्या स्विंडन संघाला लीगचे अजिंक्यपद त्यानंतर दोन वर्षांनी, १९६७ मध्ये मिळाले, ते ह्याच कारणाने.

ह्यावर आक्षेप संभवतो. १९६५ मधील पहिले दोन संघ, वेस्ट हॅम आणि विम्बल्डन, दोन्ही लंडनचे व दोन्ही जुन्या नॅशनल लीगमधलेच. मग समता आली कोठे? आक्षेप वजनदार आहे, परंतु तो एकाच हंगामावर उभा आहे. प्रॉव्हिन्शियल लीगमधील मिडल्सब्रो संघ १९६५ मध्ये हॅलिफॅक्सला हलविण्यात आला, आणि ह्याच हॅलिफॅक्सने १९६६ मध्ये लीग व नॉकआउट चषक दोन्ही जिंकले. वेस्ट हॅमच्या तिहेरी यशाचे गोडवे गाणारे लेखक ह्या दुसऱ्या घटनेची बोळवण एका ओळीत करतात, हे नवल आहे.

१९६८ मध्ये लीगला द्वितीय विभाग जोडण्यात आला, आणि उच्च-नीचतेची पुसलेली रेघ पुन्हा ओढली गेली. त्या द्वितीय विभागातील दहा संघांत नव्याने सुरू झालेले मिडल्सब्रोही होते.