अमेझिंग ग्रेस : एका गीताची दंतकथा

अमेरिकेत पाचदहा वर्षे काढलेल्या माणसाला 'अमेझिंग ग्रेस' चुकवता येत नाही. ऑफिसातल्या कुणाच्या घरी मृत्यू झाला, आपण चर्चमध्ये जाऊन मागच्या बाकावर बसलो, की ते कानांवर पडतेच. मी ख्रिस्ती नाही, पण चाल मनात घर करते. मग शेजारचे कोणीतरी हलक्या आवाजात गोष्ट सांगते : गुलामांच्या जहाजाचा कप्तान वादळात सापडला, त्याने देवाचा धावा केला, कृपा झाली आणि त्याने तो धंदा तिथेच सोडला.

गोष्ट सुरेख आहे. फक्त खरी नाही.

जॉन न्यूटन वादळात सापडला मार्च १७४८ मध्ये. तो तेव्हा कप्तान नव्हता, आणि जहाजात गुलाम नव्हते. मेण, हस्तिदंत असा माल होता. कप्तान तो झाला त्यानंतर! प्रार्थना आणि बायबलवाचन नेमाने चालू ठेवून त्याने १७५४ पर्यंत गुलाम वाहण्याच्या तीन सफरी केल्या. खाली साखळदंडांत माणसे, वर उपासना. समुद्र सुटला तोही प्रकृतीमुळे. १७६४ मध्ये तो ओल्नी गावचा धर्मोपदेशक झाला, १७७३ च्या नववर्षदिनाच्या उपासनेसाठी हे गीत रचले, १७७९ मध्ये ते छापले गेले. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध त्याची पुस्तिका निघाली १७८८ साली, म्हणजे वादळानंतर चाळीस वर्षांनी. ही कबुली फार उशिरा येते आहे, हे त्याने तीत स्वतःच मान्य केले आहे.

मग गीत खोटे म्हणायचे का? पहिले कडवे तसे भासवते खरे. त्यात 'तेव्हा' आणि 'आता' एवढेच आहे, मधला काळ नाही. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना असे शून्य-एक आवडते. पण न्यूटनच्या पुढच्या कडव्यांत संकटांची वाट आहे, आणि ती अजून संपलेली नाही. उलट हजारो वर्षांच्या स्वर्गसुखाचे जे कडवे हटकून शेवटी गातात, ते न्यूटनचे नाहीच; 'अंकल टॉम्स केबिन' (१८५२) या कादंबरीत ते या गीताला जोडलेले आढळते. प्रोटेस्टंट धर्मशास्त्रही नीतिमान ठरवले जाणे आणि पवित्रीकरण यांत फरक करते : पहिले एका क्षणात, दुसरे जन्मभर. तेव्हा दोष गीतापेक्षा दंतकथेचा. ती न्यूटनला लवकर सोडवते आणि तळघरातली माणसे हिशेबातून गाळते.

आपल्याकडे याच्या उलट क्रम लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'त दिसतो. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये. मधल्या वर्षांत रडणे, ताटातूट, सोवळे, सगळे आहे. पण जातिभेद मनातून गेला तो बाप्तिस्म्याच्या आधी. पाणी कुणाच्या हातचे प्यावे, हा प्रश्न त्यांनी आधी सोडवला, मग पाण्याखाली डोके दिले. आणि हे सारे इतक्या हसतखेळत सांगितले आहे, की कृपा हा शब्द न उच्चारताही ती वाचकाला कळते. न्यूटनचे गीत मला आवडते, पण साक्ष म्हणून मी लक्ष्मीबाईंची आधी घेईन.

परवा पुन्हा एका अंत्यविधीला तेच गीत झाले. शेजारच्या बाईंनी वादळाची गोष्ट काढली. मी १७५४ आणि १७८८ त्यांना सांगितले नाही. जागा ती नव्हती. म्हणून इथे लिहिले.