एकसरचे वीरगळ व निबंधाचा प्रश्न

‘एकसरच्या वीरगळांवरील युद्ध कोणतें ?’ या मथळ्याचा, उपनगरांतील एका महाविद्यालयीन विद्यार्थ्याचा निबंध आमच्याकडे अवलोकनार्थ आला. लेखन नीटनेटकें आहे, परिश्रमही दिसतात. दोष विवेचनांत नसून मूळ प्रश्नांतच आहे, म्हणून त्याचा परामर्श घेणें अवश्य वाटतें.

बोरिवलीच्या पश्चिमेस एकसर येथील या शिळांचें वर्णन ठाणें जिल्ह्याच्या गॅझेटियरांत १८८२ सालीं आलें. तेथें त्यांची संख्या सहा दिली आहे. कांहींवर खालच्या पट्ट्यांत डोलकाठ्यांच्या व वल्ह्यांच्या नौका झुंजत आहेत. वर वीरांस शिवलोक प्राप्त झाला आहे. युद्धाचें नांव सांगणारा वाचनीय लेख मात्र नाहीं. निबंधकार दोन मतें मांडतो. एक, हें परमार भोजाच्या कोंकणविजयाचें स्मारक होय. भोजाच्या इ. स. १०२० च्या बांसवाडा व बेटमा ताम्रपटांत त्या विजयपर्वाचा उल्लेख आहे, नौकांचा नाहीं. दुसरें, यादव महादेव व शेवटचा शिलाहार सोमेश्वर यांचें इ. स. १२६५ च्या सुमाराचें युद्ध. सोमेश्वर समुद्रांत बुडाला असें हेमाद्रि म्हणतो. निबंधकार दुसऱ्या पक्षास कौल देतो. कारण काय ? तर तेथें समुद्र आहे आणि शिळेवरही समुद्र आहे !

शिलाहारांनीं उत्तर कोंकणावर चार शतकांहून अधिक काळ राज्य केलें. तेवढ्या काळांत ग्रंथांत न नोंदलेल्या चकमकी झाल्याच नाहींत, असें गृहीत धरल्याशिवाय नांव ठाऊक असलेल्या दोहोंतून एक निवडतां येत नाहीं. परीक्षकांस निर्णय आवडतो, म्हणून विद्यार्थी निर्णय देतो. हा दोष एकट्या विद्यार्थ्याचा नव्हे.

मीमांसकांनीं अधिकरणाचीं अंगें सांगतांना विषयापाठोपाठ संशय ठेवला आहे. या निबंधांत विषय आहे, पूर्वपक्षही आहे. पण संशय असा घेतला आहे कीं त्याचा निरास करणारें प्रमाणच हातीं नाहीं. कोणता पुरावा पुढें आल्यास आपलें मत पडेल, हें ज्यास सांगतां येत नाहीं त्यानें प्रश्न बदलावा.

याच शिळांस विचारण्याजोगा प्रश्न असा : दोन्ही पक्षांच्या नौका शिल्पकारानें निरनिराळ्या घडविल्या आहेत काय ? नाळेचा आकार, डोलकाठी, वल्ह्यांची संख्या हीं प्रत्येक शिळेवर पाहावीं. जुन्या गोव्याच्या पुराणवस्तुसंग्रहालयांतील नौकायुद्धाच्या वीरगळांशीं ताडावीं. सर्व नौका एकाच साच्याच्या निघाल्या तर तो कारागिरांचा संकेत असण्याचा संभव वाढेल, आणि केवळ नौकांवरून युद्धाचें नांव ठरविण्याचा खटाटोप लटका पडेल. निराळ्या निघाल्या तर त्या काळच्या नौकाबांधणीविषयीं कांहीं तरी नवें सांगतां येईल. उत्तर कोणतेंही येवो, निबंध वाया जात नाहीं. आणि त्यासाठीं बोरिवलीच्या विद्यार्थ्यास प्रथम एकसरपर्यंतच जावयाचें आहे.

निबंधासोबतचीं छायाचित्रें स्पष्ट आहेत, परंतु संपूर्ण शिळेचीं आहेत. शिळा झिजलेल्या असल्यानें तेवढ्यावरून वल्हीं मोजतां येत नाहींत. पुढील खेपेस प्रत्येक पट्टा स्वतंत्र, मापपट्टी ठेवून व तिरप्या उन्हांत टिपावा.