गल्ल्यातली नाणी म्हणजे श्रोते नव्हेत

संशोधन-प्रस्तावात ‘प्रभाव’ हा शब्द लिहिणार असाल, तर आधी नाण्यावर चालणारा रेडिओ समजून घ्या. १९३०-४० च्या दशकांत अमेरिकेतल्या हॉटेलांच्या खोल्यांत असे रेडिओ असायचे. नाणं टाकलं की आतलं घड्याळ सुरू. वेळ संपला की आवाज बंद. गल्ला मोजून किती वेळ विकला गेला ते कळायचं. कोणी ऐकलं, काय समजलं, ते नाही.

आपल्याकडे पैसे वर्षाचे भरायचे. १९३३ च्या कायद्याने रेडिओला परवाना लागायचा, फी पोस्टात भरावी लागे. पण हाही हिशोब संचांचाच. चावडीवरच्या एका रेडिओभोवती अख्खं गाव बसलं, तरी परवाना एकच.

मग ऐकण्याचा परिणाम मोजायचा कसा? आकाशवाणी आणि युनेस्कोचा १९५६ चा पुणे प्रयोग इथे वाचायलाच हवा. मुंबई राज्यातल्या पाच मराठीभाषक जिल्ह्यांत सुमारे १५० गावांत शेतकरी मंडळं स्थापली. आठवड्यातून दोनदा, एकूण २० कार्यक्रम. ऐकायचं, मग चर्चा करायची. तुलनेला दोन प्रकारची गावं घेतली: रेडिओ असलेली पण मंडळ नसलेली, आणि रेडिओच नसलेली. मंडळांच्या गावांत माहिती खूप वाढली. बाकी गावांत, रेडिओ असो वा नसो, नगण्य. माथुर आणि न्यूरथ यांच्या अहवालाची खरी ताकद या मधल्या गटात आहे. तो नसता, तर सगळं श्रेय रेडिओला गेलं असतं.

तरी दोन ठिकाणी मला हा प्रयोग अपुरा वाटतो. एक, मंडळाबरोबर चिटणीस आला, ठरलेली बैठक आली, बाहेरच्यांचं लक्षही आलं. यातलं नेमकं काय कामी आलं, ते या रचनेतून सुटं होत नाही. दोन, काळ फेब्रुवारी ते एप्रिल. खरिपाची पेरणी जूनमध्ये. ऐकलेला सल्ला वावरात उतरला का, हे दहा आठवड्यांत कसं दिसणार? माहिती वाढणं आणि शेती बदलणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आणि आपला बुलडाणा? तो तेव्हा मध्य प्रदेशात होता. मुंबई राज्यात आला १ नोव्हेंबर १९५६ ला. म्हणून ‘महाराष्ट्रात सिद्ध झालंय’ असं लिहून हा निष्कर्ष थेट इकडे आणू नका.

आता तुमची प्रश्नावली काढा. प्रत्येक प्रश्नापुढे लिहा: यातून मी नाणी मोजतोय, संच मोजतोय, की बदल?