मागणारा आणि जपणारा

ग्रंथाची समीक्षा करताना आपण ग्रंथकाराचे नाव घेतो. पण त्याला लिहिते करणारा आणि लिहिलेले जपणारा या दोघांची नोंद सहसा होत नाही. नंदुरबार जिल्ह्यातील धर्मग्रामांत लेखनाचा विषय निघाला की दोन प्रश्न हटकून पुढे येतात. लिहिताना शेजारी कोण बसेल? आणि लिहिलेले वाचील कोण? मराठी ख्रिस्ती साहित्यातील दोन थोर ग्रंथ या प्रश्नांच्या अंगाने वाचावेत, असे आम्हांस वाटते.

पहिला ग्रंथ लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. बाई शाळेत गेल्या नव्हत्या; अक्षरओळख झाली ती लग्नानंतर. रेव्हरंड टिळक १९१९ साली निवर्तले. पुढे पुत्र देवदत्त यांनी वडिलांच्या चरित्रासाठी आईकडे आठवणी मागितल्या आणि त्या मागणीतून हे पुस्तक उभे राहिले. त्याचा पहिला भाग १९३४ साली प्रसिद्ध झाला. माहेरचे कडक सोवळे, पतीचा लहरी स्वभाव, त्यांच्या धर्मांतरानंतरची ताटातूट हे सारे बाई स्वतःवर हसत, घरात बोलावे तसे सांगतात. ही घरगुती भाषा हेच पुस्तकाचे बळ आहे. शिकलेल्या मुलाने ती ग्रांथिक वळणाची केली असती, तर घटना उरल्या असत्या, पण बाई हरवल्या असत्या. त्यांनी आईचा सूर राहू दिला. साहाय्यकाचे मोठेपण आम्ही यात मानतो.

दुसरा ग्रंथ फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’. जुनी पुराणे सुटली, मग आम्ही वाचावे तरी काय, असे नवदीक्षित विचारतो आणि पाद्री त्याला उत्तर म्हणून कथा सांगू लागतो, अशी ग्रंथाची योजना आहे. म्हणजे येथेही आरंभ मागण्यातच आहे. १६१६ साली राचोल येथे तो रोमन लिपीत छापला गेला. पुढे १६४९ व १६५४ साली पुन्हा छापला गेला. पण त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. १६८४ साली पोर्तुगीज सत्तेने देशी भाषेविरुद्ध हुकूम काढला. तरीही ग्रंथ तरला, कारण भाविकांनी तो हाताने उतरवून घेतला. अशा हस्तलिखितांच्या आधारेच १९०७ साली मंगळूरची आवृत्ती निघू शकली. छापखान्याने जे राखले नाही ते वाचकांनी राखले.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. वाहरू सोनवणे यांच्या ‘गोधड’ या १९८७ सालच्या संग्रहाने भिलांचे जगणे कवितेत आणले. तरीही भिली, पावरी, मावची बोलणाऱ्या आपल्या वडीलधाऱ्यांच्या आठवणी बहुतांशी तोंडीच आहेत. अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतील नर्मदाकाठची गावे सरदार सरोवराच्या पाण्यात गेली. ती गावे आज ज्यांच्या स्मरणात आहेत त्यांच्यापाशीच उरली आहेत, आणि ती माणसेही थकत चालली आहेत.

येथे आम्हांला स्वतःचा दोष सांगितला पाहिजे. हाती आलेल्या लेखनात बोलीतला शब्द दिसला की तो ‘शुद्ध’ करण्याची घाई आम्हीही केली आहे. लेखकाने नंतर तो मजकूर वाचला, मान डोलावली आणि पुन्हा काही पाठवले नाही. त्याच्या मौनाचा अर्थ आम्हांला फार उशिरा कळला.

म्हणून आमची सूचना साधी आहे. रविवारच्या मिस्सानंतर घरातील शिकलेल्या मुलामुलीने आजीआजोबांजवळ तासभर बसावे. विचारावे, ऐकावे, त्यांच्याच शब्दांत उतरवावे आणि उतरवलेले त्यांना वाचून दाखवावे. वहीच्या दोन प्रती कराव्यात; एक घरी ठेवावी, एक धर्मग्रामात. पुस्तक निघण्याइतका मजकूर साठला, तर प्रत्येक कुटुंबाने एका प्रतीचे मूल्य आधीच द्यावे. लेखकाला पाठीवरच्या थापेपेक्षा त्याचा आधार अधिक वाटेल.

प्रतिभा ही देवाची देणगी आहे. ती आपल्या हाती नाही. मागणे आणि जपणे मात्र आपल्या हाती आहे.