न मारलेला चेंडू

आकडे आले की रसास्वाद संपला, असे आपल्याकडचे रसिक फार लवकर म्हणून टाकतात. पण तेच रसिक मैफलीत बोटांवर मात्रा मोजीत बसलेले असतात, आणि त्यामुळे समेचा आनंद त्यांना उणा पडल्याचे ऐकिवात नाही. अमेरिकेतल्या बेसबॉलची गोष्ट मला याहून वेगळी वाटत नाही.

१९४१ साली बॉस्टन रेड सॉक्सच्या टेड विल्यम्सने .४०६ ची सरासरी गाठली. म्हणजे ४५६ मोजलेल्या संधींत १८५ यशस्वी फटके. हा आकडा पाठ असलेला प्रेक्षक त्याच्या बॅटीकडेच पाहणार. परंतु या सरासरीत एक मोठी गोष्ट गळते. चार वाईट चेंडू न मारता सोडले की फलंदाजाला पहिला बेस मिळतो, आणि तो सरासरीत धरीत नाहीत. विल्यम्सने त्या वर्षी असे १४७ बेस मिळविले. तीनदा चेंडू अंगावर बसला, तेही धरले तर ६०६ पाळ्यांत तो ३३५ वेळा बेसवर पोचला, निम्म्याहून अधिक! चांगल्या फलंदाजालाही हे तीनांत एकदा, फार तर थोडे अधिक साधते.

चेंडू सोडण्याचे हे मोल बिल जेम्सने पुढे नेटाने मांडले. कॅन्ससमधल्या एका डबाबंद अन्नाच्या कारखान्यात रात्रीचा पहारा करता करता त्याने आकडे जुळविले, आणि १९७७ साली पहिली पुस्तिका पदरमोड करून छापली. हल्ली बॅटीचा वेगही मोजतात; त्यातले पुष्कळ मला कोरडे वाटते. जेम्सच्या परंपरेतला आकडा मात्र दृष्टी पालटवतो. आता विल्यम्सची जुनी चित्रफीत पाहताना डोळा फटक्यावर न थांबता त्याआधीच्या क्षणावर थांबतो: चेंडू येतो, मनगटे ताठरतात, आणि बॅट हलत नाही. ऑफ स्टंपबाहेरचा चेंडू सोडणाऱ्याला दाद देणाऱ्या आपल्या क्रिकेटवेड्यांना हे नाट्य समजावून सांगायला नको.

स्वतः विल्यम्स याबाबतीत कोणाही संख्याशास्त्रज्ञाहून कमी नव्हता. निवृत्तीनंतरच्या ‘द सायन्स ऑफ हिटिंग’ या पुस्तकात त्याने फलंदाजासमोरचा चौकोन ७७ चेंडूंनी भरून दाखविला, आणि कुठल्या जागी आपली सरासरी किती पडेल याचा अंदाज लिहिला. मध्यावर .४००; खालच्या, बाहेरच्या कोपऱ्यात .२३०. तो कोपरा पंचाच्या लेखी चांगलाच चेंडू; विल्यम्स मात्र नाइलाज होईतो तिकडे बॅट नेत नसे.