रंगो बापूजींची वकिली व खाजगी दौलतीचा दावा

साताऱ्याचे वकील रंगो बापूजी गुप्ते हे इ. स. १८४० पासून १८५३ पर्यंत विलायतेंत राहिले. त्यांच्या कार्याची परीक्षा बहुधा एकाच प्रश्नानें होते : गादी परत मिळाली कीं नाहीं? ही कसोटी अपुरी आहे, असें आमचें मत आहे.

ता. ५ सप्टेंबर १८३९ रोजीं प्रतापसिंह महाराजांस पदच्युत करण्यांत आलें व पुढें काशीस ठेवण्यांत आलें. गोव्याच्या पोर्तुगीज सरकाराशीं संधान, नागपूरच्या आप्पासाहेब भोसल्यांशीं मसलत आणि पलटणींतील लोकांस फितविणें, या तीन आरोपांवर पुष्कळ चर्चा झाली आहे. परंतु गादीबरोबर महाराजांची खाजगी दौलतही गेली, हा मुद्दा मागें पडतो. गादीचा प्रश्न १८१९ च्या तहाच्या अर्थावर ठरावयाचा. दौलतीचा, जामदारखान्याच्या यादीवर.

बामनदास बसू यांचा 'स्टोरी ऑफ सातारा' (१९२२) मुख्यतः इंग्रजी कागदांवर उभा आहे. केशव सीताराम ठाकरे यांचा 'प्रतापसिंह छत्रपती आणि रंगो बापूजी' (१९४८) हा ग्रंथ वकिलास त्याचें योग्य स्थान देतो, हा त्याचा मोठा गुण. मात्र कैवाराच्या आवेशांत वाचकाचें चित्त अन्यायावर खिळतें, हिशेबावर नव्हे.

धर्मशास्त्रकारांनीं अठरा व्यवहारपदांत निक्षेप व अस्वामिविक्रय हीं निराळीं पदें मानलीं, तीं उगीच नव्हेत. हैदराबादचें उदाहरण पाहावें. सप्टेंबर १९४८ मध्यें निजामाच्या मंत्र्यानें लंडनच्या वेस्टमिन्स्टर बँकेंतील संस्थानचे १०,०७,९४० पौंड ९ शिलिंग पाकिस्तानचे हायकमिशनर रहिमतुला यांच्या नांवावर केले. निजामानें तें अमान्य केलें. १९५७ त लॉर्डांच्या सभेनें परराज्यावर दावा चालत नाहीं, या तत्त्वावर वाद थांबविला. २०१३ त पाकिस्ताननें स्वतःच दावा लावला, तेव्हां ती ढाल निरुपयोगी झाली. अखेर ता. २ ऑक्टोबर २०१९ रोजीं लंडनच्या न्यायालयाचा निकाल भारत सरकार व निजामाचे वारस यांच्या बाजूनें झाला. तोंवर रक्कम सुमारें साडेतीन कोटी पौंड झाली होती.

येथें ठेव त्रयस्थाकडे होती, न्यायाधीशही त्रयस्थ होता, आणि रकमेविषयीं शंका नव्हती. साताऱ्याच्या दाव्यांत जप्त करणारी कंपनी, दाद मागावयाची तीही प्रथम कंपनीच्याच सभेंत. हा भेद ध्यानीं घेतला म्हणजे रंगो बापूजींच्या अपयशाचा दोष त्यांच्या वकिलीवर येत नाहीं.

मिरजेचे वासुदेवशास्त्री खरे यांनीं पटवर्धनी दप्तरांतून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' सिद्ध केला, तेव्हां सांगली-मिरजेकडील कागदांचें मोल सर्वांस कळलें. तरी आजही संग्राहक शिक्क्याचें पत्र जपतो आणि ताळेबंद, रोजकीर्द, जिन्नसवार यादी रद्दींत टाकतो. स्वामित्व शाबीत होतें तें याच रुक्ष कागदांनीं. सातारा व सांगली प्रांतींच्या दप्तरदारांनीं मोडी रुमाल झाडतांना असे बंद वेगळे काढून त्यांची नोंद करावी, अशी आमची विनंती आहे.