बावीस खुणांची मराठी

जुन्या नियतकालिकांतील लेखांची सूची संकेतस्थळावर चढवणाऱ्या अभ्यासकाला एक प्रश्न हमखास अडवतो : लेखाचे शीर्षक पानाच्या पत्त्यात पूर्ण का उतरत नाही? उत्तर सहसा 'शीर्षकच लांब आहे' असे मिळते. माझ्या मते ते अपुरे आहे.

वर्डप्रेस या प्रणालीत पत्त्यातील नावासाठी २०० जागांचा रकाना असतो. इंग्रजीचे एक अक्षर एक जागा घेते. देवनागरीची प्रत्येक खूण मात्र यूटीएफ-८ पद्धतीत ३ बाइटची, आणि वेबपत्त्याच्या लिपीत प्रत्येक बाइट टक्क्याच्या चिन्हासह ३ जागांचा. म्हणजे एका खुणेला ९ जागा. काना, वेलांटी, अनुस्वार, हलन्त या साऱ्या स्वतंत्र खुणा. 'ष्ट्रा' हे एकच जोडाक्षर ६ खुणांचे, म्हणून ५४ जागांचे. एकूण २२ खुणांत मराठी संपते. समजा, शीर्षक 'महाराष्ट्रातील संतसाहित्य आणि स्त्रिया' असे आहे. आपोआप तयार होणारे नाव 'महाराष्ट्रातील-संतसाहित' येथेच तुटते. '...आणि समाज' असा दुसरा लेख आला की तोही तिथेच तुटतो आणि वेगळेपणासाठी त्याला २ हा आकडा चिकटतो. स्त्रिया गेल्या, समाज गेला, आकडा राहिला.

हे अटळ आहे का? नाही. विकिपीडिया ज्या मीडियाविकीवर चालतो, तिथे शीर्षकाची मर्यादा २५५ बाइट आहे. पण ती मूळ अक्षरे जशीच्या तशी साठवते, टक्क्यांचे रूप पत्ता बनवताना देते. म्हणून तिथे ८५ खुणा मावतात आणि वरचे शीर्षक १०८ बाइटांत सुखाने बसते. दोष लिपीचा नाही. प्रवासाचे कपडे घालूनच घरात झोपवण्याच्या रचनेचा आहे.

यावर सर्रास सुचवला जाणारा उपाय म्हणजे रोमन लिपी. तो मला मान्य नाही. शि. म. परांजपे यांचे 'काळ' आणि कालपरवाचा 'काल' रोमनमध्ये एकच होतात. सूचीकाराने असा गोंधळ स्वतःहून ओढवून घेऊ नये.

त्यापेक्षा ग्रंथालयांची जुनी रीत बरी. पुस्तकाच्या पाठीवर दाखल क्रमांक, पूर्ण नाव नोंदवहीत. पत्त्यात नोंदीचा क्रमांक ठेवण्याची सोय वर्डप्रेसमध्येही आहे. स्कॅन केलेल्या फाइलींनाही हेच लागू : विंडोजवर १०० खुणांचे मराठी नाव चालून जाते, पण लिनक्सच्या नेहमीच्या ईएक्सटी-४ फाइलव्यवस्थेत मर्यादा २५५ बाइटांची, म्हणून ते तिथे नाकारले जाते. क्रमांक वाचकाशी बोलत नाही, हे खरे. पण तो अर्धवट बोलून दिशाभूलही करत नाही.

मर्यादा असायला हरकत नाही. मात्र ती मोजताना माप कोणत्या लिपीचे धरले आहे, हे मराठी अभ्यासकाने काम सुरू करण्यापूर्वीच विचारायला हवे. हजार नोंदी झाल्यावर पत्ते बदलले, तर इतरांनी दिलेले संदर्भ तुटू शकतात.